सभ्य नाव, असभ्य दुकान

जमिनीचा कब्जा आणि जमिनीची मालकी यांतील भेद डिचोली तालुक्यातील मये गावात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. १९६१ साली पोर्तुगीज राजवट संपली. पुढे १९६४ च्या कायद्याने येथील मोठी जमीनदारी स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात गेली, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्या व कसणाऱ्या कुटुंबांना आपल्याच अंगणाच्या कागदासाठी दशकानुदशके खेटे घालावे लागले. मालकीचा मार्ग मोकळा करणारा कायदा विधानसभेने केला तो २०१४ साली.

संगणकाच्या जाळ्यावरील पत्त्याचीही गत काहीशी अशीच आहे. समजा, मयेच्या तलावाकाठी पाहुण्यांसाठी दोन-चार खोल्या भाड्याने देणाऱ्या एखाद्या गृहस्थाने आपल्या घराण्याच्या आणि गावाच्या नावाने संकेतस्थळ काढले. पैसे भरले, नाव मिळाले, तो म्हणतो, "नाव विकत घेतले." वस्तुतः त्याने काहीच विकत घेतलेले नसते. हे नाव, ज्याला डोमेन म्हणतात, एका वर्षापासून फार तर दहा वर्षांपर्यंतच्या मुदतीने वापरायला मिळते. मुदत संपली आणि नूतनीकरण झाले नाही, तर ते नाव पुन्हा बाजारात येते. मग ते कोणीही घेऊ शकतो. आणि जे अशा सुटलेल्या नावांवर टपून बसलेले असतात, त्यांत अश्लील चित्रे व चित्रफिती दाखविणारे व्यापारीही असतात. जुन्या पत्त्यावर लोकांची ये-जा असते, इतर ठिकाणी त्याचे दुवे दिलेले असतात. ही आयती गिऱ्हाइकी त्यांना हवी असते. काल जेथे तलावाचे छायाचित्र होते, तेथे आज भलतेच काही दिसू लागते, आणि वर नाव मात्र त्या गृहस्थाच्या घराण्याचे असते.

मग कायदा काय करतो? सामान्य समजूत अशी, की अशा धंद्याच्या नावात अभद्र शब्द वापरण्यास बंदी असावी. प्रत्यक्षात नियमांचा रोख निराळाच आहे. नावे देण्याची जागतिक व्यवस्था अमेरिकेतील आयकॅन ही संस्था पाहते. आपल्या 'डॉट इन'चा कारभार निक्सी या संस्थेकडे आहे. 'गव्ह डॉट इन'सारखी सरकारी नावे सोडली, तर सर्वसाधारण रीत 'जो प्रथम मागेल त्याला' ही आहे. नाव देतेवेळी त्या शब्दाचा अर्थ सभ्य की असभ्य, हे सहसा कोणी तपासत नाही.

याचा अर्थ असभ्य शब्दाला सर्वत्र मोकळीक आहे असा नव्हे. आपल्या १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याच्या नवव्या कलमानुसार अश्लील किंवा लज्जास्पद मजकूर असलेल्या चिन्हाची नोंदणी होत नाही. कंपनीच्या नावात समाजातील कोणत्याही वर्गाला दुखावणारा शब्द चालत नाही. म्हणजे ओंगळ शब्दाचा पत्ता घेता आला, तरी त्या शब्दाला चिन्ह म्हणून कायद्याचे कवच लाभत नाही. उद्या दुसऱ्याने त्याची नक्कल केली तर तक्रार करायला पाया कच्चा. आणि पत्त्यामागे जे दाखविले जाते त्याचा हिशेब अगदी वेगळा. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६७ वे कलम अश्लील मजकूर प्रसिद्ध करणाऱ्यास पहिल्या अपराधाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. तेथे नाव कितीही सोज्वळ असले तरी सुटका नाही.

कायद्याची खरी करडी नजर आहे ती फसवणुकीवर. या बाबतीत अमेरिकेचा २००३ चा कायदा मुद्दाम पाहण्यासारखा आहे. लोकांनी फसून अश्लील मजकूर पाहावा या हेतूने दिशाभूल करणारे नाव वापरणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरविला, आणि लहान मुलांना फसविले तर शिक्षा अधिक कडक ठेवली. परंतु त्याच कायद्यात असेही स्पष्ट म्हटले आहे, की ज्या नावात 'सेक्स' किंवा 'पोर्न' यांसारखा आतील मालाची कल्पना देणारा शब्द आहे, ते नाव दिशाभूल करणारे मानू नये. दारूच्या दुकानावर दारूची पाटी असेल तर आत शिरणारा फसला असे म्हणता येत नाही. दुधाची पाटी लावून दारू विकली तर मात्र गुन्हा. असभ्य शब्द येथे गुन्हेगार ठरत नाही, उलट तो साक्षीला येतो!

या कायद्याखाली पहिला पकडला गेला तो जॉन झुकारिनी. मुलांच्या आवडीच्या नावांत एखाद्या अक्षराची चूक करून त्याने पत्ते घेऊन ठेवले होते. डिस्नेलँड किंवा टेलिटबीज शोधणाऱ्या मुलाचे बोट जरा चुकले, की ते नको तेथे जाऊन पोहोचे. २००४ साली त्याला तीस महिन्यांची सजा झाली.

भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. आपल्याकडे न्यायालयांनी जुन्याच तत्त्वावर नवी इमारत उभी केली: दुसऱ्याच्या नावलौकिकावर आपला माल खपवू नये. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ साली 'रेडिफ'च्या खटल्यात 'रॅडिफ' या नावाला मनाई केली आणि असे नाव म्हणजे नुसता पत्ता नव्हे, त्याला व्यापारचिन्हाइतकेच संरक्षण हवे, असे म्हटले. २००४ साली 'सिफी'च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही या तत्त्वावर शिक्कामोर्तब केले.

मुंबईच्याच टाटांची गोष्ट अधिक चमत्कारिक आहे. अमेरिकी बोलीत 'टाटाज' हा शब्द स्त्रीच्या वक्षासाठी थट्टेने वापरतात. तो शब्द घालून एका अमेरिकी धंदेवाल्याने अश्लील संकेतस्थळ काढले. टाटा सन्सने जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे दाद मागितली आणि २००० साली ते नाव टाटांच्या हवाली करण्याचा निर्णय झाला. त्या धंदेवाल्याच्या मनात जमशेटजींचे घराणे होते की केवळ गावंढळ विनोद, अशी शंका घ्यायला जागा आहे, आणि या निर्णयावर टीकाही झाली. टाटांसारख्या घराण्याला जिनिव्हाचे दार ठोठावता आले. मयेच्या गृहस्थाला ते झेपणे कठीण. 'डॉट इन' नावांसाठी मात्र निक्सीची लवादाची सोय देशातच आहे. जागतिक नियमांप्रमाणे नाव वाईट हेतूने घेतले आणि वाईट हेतूने वापरले, अशी दोन्ही गोष्टींची शाबिती लागते; आपल्या नियमात 'आणि'च्या जागी 'किंवा' आहे. तक्रारदाराच्या दृष्टीने हा एक शब्द लाखमोलाचा.

सरसकट बंदीचे उपायही झाले. २०१५ साली केंद्र सरकारने ८५७ संकेतस्थळे रोखण्याचा आदेश काढला आणि टीका होताच तो काही दिवसांतच सैल केला. २०१८ साली उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ८२७ पुन्हा रोखली गेली. मधल्या काळात, २०१६ साली, देहविक्रयाची जाहिरात करणारी २४० संकेतस्थळे बंद करण्यात आली. त्या यादीत शहरांची नावे होती आणि साध्यासुध्या भारतीय स्त्रियांची नावेही होती. त्याच नावाची एखादी शिक्षिका वा परिचारिका कोठे असेल, तर तिने काय करावे, याचे उत्तर त्या आदेशात नव्हते. शिवाय बंदी पत्त्यावर असते, धंद्यावर नाही. २०१८ नंतर एका बड्या परदेशी संकेतस्थळाने शेवटचे 'कॉम' काढून तेथे 'नेट' लावले आणि दुकान पुन्हा उघडले.

म्हणून आपले नाव राखण्याचे पहिले काम ज्याचे त्यालाच करावे लागते. मुदत संपली तरी 'डॉट कॉम'चे नाव त्याच क्षणी हातचे जात नाही. साधारणपणे काही आठवडे नेहमीच्या, आणि नंतर महिनाभर भारी शुल्कात, ते सोडवून घेता येते. पण सूचनेचे पत्र जाते ते नोंदणीत लिहिलेल्या माणसाला. तेथे गृहस्थाऐवजी संकेतस्थळ बनवून देणाऱ्या दुकानदाराचे नाव असेल, आणि असे पुष्कळदा असते, तर खऱ्या धन्याला पत्ता गेल्याचे पाहुण्यांच्या तोंडूनच कळायचे.

२०१४ पासून 'डॉट भारत' या देवनागरी शेवटाची नावेही मिळू लागली आहेत, मराठीत आणि कोंकणीतही. येथे गोव्यापुरती एक बारीक गोष्ट आहे. मराठीत गावाचे नाव 'मये' असे लिहितात, कोंकणीत 'मयें'. वाचणाऱ्याला गाव एकच. यंत्राच्या हिशेबी मात्र एका टिंबाने ते दोन निरनिराळे शब्द होतात, आणि गृहस्थाने त्यांतला एक घेतला तर दुसऱ्यावर त्याचा काही हक्क राहत नाही.