‘पेशंटचे तुम्ही कोण?’

मध्यरात्री रुग्णालयाच्या काउंटरवर पहिला प्रश्न येतो : ‘पेशंटचे तुम्ही कोण?’ नवरा, आई, भाऊ असे एका शब्दात उत्तर दिले की कागद पुढे सरकतो. वर्षानुवर्षे एकत्र संसार करणारे समलिंगी जोडपे मात्र इथे अडखळते. ‘मित्र’ म्हणावे, तर डॉक्टर सगळे सांगतील याची खात्री नाही. ‘जोडीदार’ म्हणावे, तर त्या शब्दामागे कायदा उभा नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. मात्र १७ ऑक्टोबर २०२३ रोजी घटनापीठाने अशा विवाहांना मान्यता देण्यास नकार दिला आणि हा विषय कायदेमंडळाचा असल्याचे म्हटले. म्हणजे हे नाते आता गुन्हा नाही, पण कायद्याच्या नोंदीत ते नातेही नाही.

जीव वाचवण्यासाठी तातडीचे उपचार सहीवाचून सुरू करता येतात आणि शुद्धीवरचा रुग्ण स्वतःची संमती देतो. अडचण त्यापुढची आहे. अवयवदानाच्या कायद्यात पती-पत्नी ‘जवळचे नातेवाईक’ ठरतात. समलिंगी जोडीदाराला मूत्रपिंड द्यायचे तर परक्या दात्याप्रमाणे प्राधिकार समितीची परवानगी घ्यावी लागते. मूल दोघांना मिळून दत्तक घेता येत नाही. एकाने एकट्याने घेतले, तर तेच मूल वाढवणारा दुसरा कागदोपत्री त्याचा कोणीच नसतो.

या टांगत्या अवस्थेचा परिणाम मनावरही होतो. अमेरिकेत २००४-०५ मध्ये अनेक राज्यांनी समलिंगी विवाहावर घटनात्मक बंदी घातली. बंदीच्या आधी आणि नंतर त्याच लोकांची पाहणी झाली होती. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या विश्लेषणात, बंदीच्या राज्यांतील समलिंगी आणि उभयलिंगी व्यक्तींमध्ये नैराश्यासारखे भावनिक विकार सुमारे ३७ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले; बंदी नसलेल्या राज्यांत तशी वाढ नव्हती. २०१७ च्या दुसऱ्या अभ्यासात, विवाहाला मान्यता देणाऱ्या राज्यांत शाळकरी मुलांमधील आत्महत्येचे प्रयत्न ७ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. लग्नाचे वयही न झालेली ही मुले! अशा अभ्यासांतून कार्यकारणभाव पक्का सिद्ध होत नाही, पण दोन्हींचा रोख एकाच दिशेला आहे.

संशोधक याला ‘अल्पसंख्याकत्वाचा ताण’ म्हणतात. सतत लपवणे, नकाराची धास्ती आणि ‘उद्या काही झाले तर?’ हा घोर यांमुळे शरीर कायम सावध राहते. झोप उडते, रक्तदाब वाढतो, आजार अंगावर काढला जातो. कारण डॉक्टरकडे जायचे म्हणजे पुन्हा तो प्रश्न आलाच.

चित्र थोडे बदलते आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना कळवले की, जवळचे नातेवाईक उपलब्ध नसल्यास जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा. बँकेत संयुक्त खाते उघडण्यास आणि जोडीदाराला नॉमिनी करण्यास बंधन नाही, हेही त्याच महिन्यात स्पष्ट करण्यात आले.

काही गोष्टी आजही हातात आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार कोणीही प्रौढ व्यक्ती साध्या कागदावर सही करून आपला प्रतिनिधी नेमू शकते. तो रक्ताचा नातेवाईक असण्याची अट नाही. ही तरतूद मानसिक आजारांच्या उपचारांपुरती आहे. असाध्य आजारात उपचार कुठवर करायचे, हे दोन साक्षीदारांसमोर लिहून, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून ठेवता येते. मृत्युपत्र आणि नॉमिनीची नोंदही वेळीच करावी. नेहमीच्या डॉक्टरांच्या केसपेपरवर ‘तातडीच्या वेळी कोणाला कळवावे’ यापुढे जोडीदाराचे नाव असू द्यावे.

डॉक्टर आणि परिचारिकांनाही एक बदल करता येईल. ‘नातेवाईक कोण?’ असे विचारण्याऐवजी शुद्धीवर असलेल्या रुग्णालाच विचारावे, ‘तुमच्यासोबत कोण हवे?’

अर्थात, बेशुद्ध रुग्ण या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही. त्याच्या वतीने उत्तर कायद्यानेच द्यायला हवे.