आधी काय दळले होते? : घरासाठी कॉफी ग्राइंडर निवडताना

पिठाच्या गिरणीत डबा ठेवताना घरातील मोठी माणसे एक प्रश्न हमखास विचारतात, “आधी काय दळलंय?” गिरणीच्या दगडांत आणि पीठ उतरते त्या कापडी नळीत आधीच्या दळणाचे थोडे पीठ राहतेच. ज्वारीमागून लगेच गहू टाकला, तर वरच्या दोन मुठी मिश्र निघतात. उपवासाच्या राजगिऱ्यात गव्हाचे पीठ आलेले तर चालतच नाही. म्हणून जाणता गिरणीवाला एका धान्याची दळणे एका पाळीने घेतो.

घरी कॉफी दळणाऱ्यांनीही हाच प्रश्न विचारला पाहिजे. देशातील सुमारे ७० टक्के कॉफी आपल्या कर्नाटकात पिकते. चिक्कमगळूर, कोडगू आणि हासन या जिल्ह्यांतील निरनिराळ्या मळ्यांच्या बिया आता छोट्या पुड्यांत घरपोच मिळतात. साहजिकच एका घरात दोन-तीन प्रकार नांदू लागले आहेत. आजोबांना गडद भाजलेली, चिकोरी घातलेली फिल्टर कॉफी लागते. बंगळूरला शिकणारी नात हलक्या भाजणीच्या अरेबिका बिया घेऊन येते. डॉक्टरांच्या सल्ल्यावरून कोणासाठी कॅफीन काढलेली कॉफी आणावी लागते. मग प्रश्न येतो, की एकाच ग्राइंडरवर हे सारे कसे जमावे?

मिक्सर का चालत नाही?

मिक्सरचे पाते बियांना दळत नाही, ठेचते. त्यामुळे एकाच भांड्यात पीठही निघते आणि जाड तुकडेही. पिठातून कडवटपणा लवकर उतरतो आणि तुकड्यांतून अर्क पुरेसा उतरतच नाही. एकाच पेल्यात दोन्ही दोष येतात. शिवाय जिरे, धने, सुक्या मिरच्या ज्या भांड्यात वाटल्या, त्याचा वास कॉफी चटकन ओढून घेते.

कॉफीच्या खऱ्या ग्राइंडरमध्ये दोन दातेरी चकत्या असतात. दुकानदार त्यांना ‘बर’ म्हणतात. एक स्थिर असते, दुसरी फिरते, आणि बी त्यांच्यामधील फटीतून दळून खाली पडते. आपल्या जात्याचेच हे तत्त्व आहे. फट कमी केली की पूड बारीक, वाढवली की जाड. चकत्या सपाट असतात किंवा एकात एक बसणाऱ्या शंकूच्या आकाराच्या असतात. दोन्ही प्रकारांत चांगली यंत्रे आहेत.

खरी कसोटी : आत किती उरते?

जाहिरातीत मोटारीची शक्ती, बियांच्या डब्याचा आकार आणि फिरकीचे आकडे ठळक छापतात. बिया वारंवार बदलणाऱ्या घराला याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे दळून झाल्यावर आत किती पूड उरते. चकत्यांच्या कडेला आणि पूड बाहेर येण्याच्या वाटेत ती अडकून बसते.

विद्यार्थीमित्रांनो, येथे साधे गणित करून पाहा. एखाद्या ग्राइंडरमध्ये २ ग्रॅम पूड उरते असे समजू. दुकानात पाव किलो बिया दळल्या, तर २५० ग्रॅममध्ये २ ग्रॅम म्हणजे १ टक्क्याहूनही कमी. चवीला कळणार नाही. घरी मात्र एका वेळी २० ग्रॅमच दळतो. त्यात २ ग्रॅम म्हणजे तब्बल १० टक्के. नातीच्या हलक्या कॉफीत आजोबांची गडद कॉफी दहावा हिस्सा आली, तर ती लगेच जाणवते. कॅफीन काढलेल्या कॉफीतही थोडे कॅफीन शिल्लक असतेच; त्यात नेहमीच्या कॉफीची अशी भर पडली, तर ती मुद्दाम आणण्याचा हेतूच बाधतो. शिवाय आत राहिलेली पूड शिळी होत जाते.

पुष्कळजण २० ग्रॅम बिया टाकून २० ग्रॅम पूड निघाली की निर्धास्त होतात. पण हा पुरावा अपुरा आहे. आधीची २ ग्रॅम बाहेर आली आणि नवी २ ग्रॅम तिच्या जागी अडकली, तरी वजन बरोबर २० ग्रॅमच भरेल. वजन सारखे आले म्हणजे पूड तीच, असे नव्हे. याची परीक्षा रंगाने करता येते. आधी गडद भाजलेल्या बिया दळाव्यात, मग हलक्या. दुसऱ्या दळणाची सुरुवातीची चिमूटभर पूड पांढऱ्या कागदावर पसरून पाहावी. गडद कण दिसले, तर ते मागच्या दळणाचे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मांडण्याजोगा हा प्रयोग आहे.

दुसरी कसोटी : फट पुन्हा जुळते का?

गडद भाजलेली बी ठिसूळ होते आणि तिच्या पृष्ठभागावर तेल येते. हलकी भाजलेली बी टणक राहते. एकाच फटीतून दोन्ही सारख्या दळल्या जात नाहीत. सामान्यतः हलक्या भाजणीसाठी पूड थोडी अधिक बारीक आणि गडद भाजणीसाठी थोडी जाड ठेवल्यास चव जुळते. कृतीप्रमाणेही फरक पडतो. एस्प्रेसोला अगदी बारीक, आपल्या पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरला मध्यम-बारीक आणि फ्रेंच प्रेसला जाड पूड लागते.

म्हणून आकड्यांची किंवा ‘टक्’ असा आवाज करून थांबणाऱ्या खाचांची फिरकी असलेले यंत्र घ्यावे. प्रत्येक बीचा आकडा एका वहीत लिहून ठेवावा. विजेच्या ग्राइंडरची फट कमी करायची असेल, तर ते चालू असतानाच करावी. एरवी आत अडकलेल्या तुकड्यांमुळे चकत्या दाबल्या जातात. हाताचा ग्राइंडर आधी रिकामा करावा आणि मगच फट बदलावी.

मग घ्यावे कोणते?

दिवसाकाठी दोन-चार पेले आणि दोन-तीन प्रकारच्या बिया असे ज्या घराचे मान आहे, त्यांनी प्रथम शंकूच्या पोलादी चकत्यांचा, हाताने फिरवायचा ग्राइंडर पाहावा. त्यात मोटारीचा खर्च नसल्याने त्याच पैशांत चकत्या चांगल्या मिळतात. पूड सरळ खाली पडते, अडकायला आडवाट कमी असते. बहुतेक हातग्राइंडरांत एका वेळी २० ते ३० ग्रॅमच बिया मावतात. आपल्या कामी ही मर्यादा सोयीचीच ठरते, कारण जुन्या बिया वरच्या डब्यात पडून राहत नाहीत. अडचण एकच, हाताला श्रम पडतात. हलक्या भाजणीच्या टणक बियांना जोर अधिक लागतो. संधिवाताचा त्रास असलेल्या ज्येष्ठांना तो झेपेलच असे नाही.

पाहुण्यांचा राबता मोठा असेल किंवा हाताला श्रम नको असतील, तर विजेचा घ्यावा; मात्र एका वेळी मोजून टाकलेल्या बिया पूर्ण दळून रिकामा होणारा. वर पाव किलोचा डबा असलेले यंत्र एकाच प्रकारची कॉफी पिणाऱ्या घराला ठीक. घेण्यापूर्वी दुकानदाराला दोन गोष्टी करून दाखवायला सांगाव्यात : वरची चकती हत्यारांशिवाय निघते का, आणि ती परत बसवल्यावर आकडा पहिल्या जागी येतो का.

बी बदलताना

नव्या बीचे ३-४ ग्रॅम आधी दळून ती पूड बाजूला काढावी. गिरणीवाल्याची मूठ ती हीच. आठवड्यातून एकदा कोरड्या ब्रशने चकत्या झाडाव्यात. पोलादी चकत्या पाण्याने धुऊ नयेत, गंजतात. साफ करण्यासाठी कच्चा तांदूळ दळण्याचा उपाय सांगितला जातो. परंतु तांदूळ कॉफीच्या बीपेक्षा कठीण असतो, मोटारीवर ताण येतो, आणि अनेक उत्पादक त्याला मनाई करतात.

पूड भांड्याच्या कडांना चिकटते ती घर्षणातून निर्माण होणाऱ्या स्थिर विद्युतभारामुळे. दळण्यापूर्वी बियांवर पाण्याचा एखादा थेंब लावून हलवल्यास हा भार कमी होतो आणि आत उरणारी पूडही घटते. कॉफीप्रेमींची ही जुनी युक्ती अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रयोगाने सिद्ध केली. थेंब म्हणजे थेंबच. बिया ओल्या करायच्या नाहीत.

चिकोरी ग्राइंडरमध्ये घालू नये. ती ओल लवकर धरते आणि चकत्यांना चिकटते. चिकोरीची पूड वेगळी आणून आजोबांच्या कॉफीत नंतर मिसळावी. म्हणजे एकाच बीपासून चिकोरीची आणि बिनचिकोरीची अशा दोन्ही कॉफ्या करता येतात. तयार मिश्रण घेत असाल, तर पाकिटावरील प्रमाण वाचावे. आपल्याकडील नियमाप्रमाणे अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते.

पालकहो, ग्राइंडर ही वर्षानुवर्षे टिकणारी वस्तू आहे. खरेदीला निघण्यापूर्वी घरात कोण कोणती कॉफी पिते आणि दिवसातून किती वेळा बी बदलावी लागते, एवढे कागदावर लिहा. पेल्यांची संख्या मोठी आणि बी एकच असेल, तर मोठे यंत्र शोभेल. पेले थोडे आणि आवडी अनेक असतील, तर आत कमी उरणारे, फट पुन्हा जुळणारे आणि सहज उघडून साफ होणारे यंत्र घ्यावे. आजोबांची कॉफी आजोबांना आणि नातीची नातीला, निर्भेळ मिळाली पाहिजे.