कुंपणच शेत खाते तेव्हा
सांधे धरणारा आमवात : जुने गैरसमज व नवे संशोधन

'वात धरला आहे' हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येते. लावणीनंतर गुडघा दुखला तरी वात, उतारवयात कंबर धरली तरी वात, आणि तिशीतल्या सुनेची बोटे सकाळी सुजून आखडली तरी तोही वातच. नाव एकच असल्यामुळे उपायही एकच केला जातो. तेल चोळायचे, शेक द्यायचा, बाजारातली दुखण्याची गोळी घ्यायची आणि सोसत राहायचे. परंतु या दुखण्यांपैकी एक असे आहे की, ते सोसत बसल्यास दोनतीन वर्षांत हात कायमचे वाकडे होतात. आणि सुरुवातीच्या काही महिन्यांत योग्य औषध मिळाल्यास तेच हात पुढे अनेक वर्षे विळा धरू शकतात. म्हणून हे दुखणे इतरांपासून वेगळे ओळखणे अगत्याचे आहे.

या रोगाला डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. आपल्याकडील जुन्या वैद्यकात आमवात नावाच्या रोगाचे जे वर्णन आहे ते याच्याशी पुष्कळसे जुळते. म्हणून या लेखात आपण 'आमवात' हाच शब्द वापरू. हा रोग शहरी किंवा श्रीमंतांचा आहे अशी समजूत असल्यास ती काढून टाकावी. १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी करण्यात आली. तीत दर दोनशे प्रौढ माणसांमागे साधारण एकाला आमवात असल्याचे आढळले. म्हणजे हजार वस्तीच्या गावात असे दोनचार रोगी असणारच. त्यांत पुरुषांपेक्षा स्त्रियांचे प्रमाण दोन ते तीन पट असते.

साधी झीज आणि आमवात

वयोमानाने किंवा अतिश्रमाने सांध्यांची जी झीज होते ती बहुधा गुडघे, कंबर, नितंब यांत दिसते. काम केले की दुखणे वाढते, बसले की उतरते. सकाळी सांधा थोडा आखडला तरी दहापंधरा मिनिटांत मोकळा होतो.

आमवाताची चाल याच्या उलट असते. तो बहुधा हातांच्या बोटांच्या मुळाशी व मधल्या पेरांवर, मनगटांत आणि पायांच्या बोटांच्या मुळाशी सुरू होतो, आणि सामान्यतः दोन्ही बाजूंना असतो. सांधे नुसते दुखत नाहीत, ते सुजतात आणि दाबले असता मऊ लागतात. सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, चहाचा पेला धरवत नाही, आणि हा आखडलेपणा अर्धा तास, तास किंवा त्याहूनही अधिक टिकतो. हालचाल केल्यावर बरे वाटू लागते. त्याबरोबर थकवा, बारीक कणकण, अन्नावरची वासना उडणे व वजन घटणे हीही लक्षणे असू शकतात. हा सगळ्या शरीराचा रोग आहे. पुढे डोळे, फुप्फुसे व हृदय यांनाही त्याची झळ लागू शकते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. चिकुनगुन्याच्या तापानंतरही सांधे असेच सुजतात आणि कित्येकांना महिनोन्‌महिने त्रास देतात. म्हणून मागे ताप येऊन गेला असल्यास डॉक्टरांना ते अवश्य सांगावे.

राखणदार उलटतो म्हणजे काय?

आपल्या रक्तात रोगजंतूंशी लढणाऱ्या पेशी असतात. त्या शरीराच्या राखणदार होत. आपले कोण आणि परके कोण हे ओळखणे हेच त्यांचे मुख्य काम. ही ओळख चुकली की राखणदारच मालकाच्या शेतावर तुटून पडतो. कुंपणाने शेत खावे तसा हा प्रकार. अशा रोगांना स्वप्रतिकारजन्य रोग म्हणतात. लहान मुलांचा मधुमेह, थायरॉइडचे काही विकार, ल्युपस हे याच कुळातले. आमवातात हल्ला होतो तो सांध्याच्या आतल्या नाजूक अस्तरावर. अस्तर सुजते, जाड होते आणि शेजारची कूर्चा व हाड पोखरू लागते. एकदा पोखरलेले हाड पूर्ववत होत नाही. घाई करावयाची ती याचसाठी.

राखणदाराची ओळख चुकते कशी, याचा पुष्कळसा उलगडा गेल्या वीसपंचवीस वर्षांत झाला आहे. स्वीडनमधील लार्स क्लारेस्कॉग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवून दिले की, विडीसिगारेटच्या धुराने फुप्फुसातील काही प्रथिनांचे रूप पालटते. आपल्याच बैलावर दुसऱ्या गावाचा डाग उमटावा आणि राखणदाराने त्याला परका समजून दगड मारावा, तसे शरीर या पालटलेल्या प्रथिनांविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते. काही माणसांत जन्मतःच अशी अनुवंशिक ठेवण असते की, त्यांच्यात हा धोका धूम्रपानामुळे कित्येक पटींनी वाढतो. दगडाच्या खाणीत किंवा क्रशरवर उडणारी बारीक धूळ हेही एक कारण असल्याचे सिद्ध झाले आहे. हिरड्यांच्या जुनाट रोगाशी असलेला संबंधही अभ्यासकांना दिसून आला आहे.

याहून आश्चर्याची गोष्ट हॉलंडमध्ये आढळली. तेथे पुढे आमवात झालेल्या ७९ माणसांनी पूर्वी रक्तदान केलेले होते व त्या रक्ताचे जुने नमुने साठवलेले होते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते नमुने तपासले, तेव्हा जवळजवळ निम्म्या जणांच्या रक्तात दुखणे सुरू होण्याच्या आधी, सरासरी साडेचार वर्षांपूर्वीच, ही प्रतिद्रव्ये दिसली. रोग आधी रक्तात रुजतो आणि मागाहून सांध्यांत उगवतो, असा याचा अर्थ.

राखणदारांना आवर घालणारे मुकादमही शरीरात असतात. जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ साली अशा पेशी दाखवून दिल्या. २००१ साली अमेरिकेतील मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांनी या व्यवस्थेमागील महत्त्वाचे जनुक शोधले. या तिघांना २०२५ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मुकादमांचे बळ वाढवून रोग शमवता येईल काय, या दिशेने आता जगभर प्रयत्न चालू आहेत.

औषधांचा इतिहास

१९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी अंथरुणाला खिळलेल्या एका रोगी बाईला कॉर्टिझोन हे नवे द्रव्य टोचले. काही दिवसांतच ती उठून चालू लागली. १९५० साली हेंच व त्यांचे दोन सहसंशोधक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु लवकरच या स्टेरॉइड औषधांची दुसरी बाजू उघड झाली. दीर्घकाळ घेतल्यास तोंड सुजते, हाडे ठिसूळ होतात, रक्तातील साखर व रक्तदाब वाढतो, जंतुसंसर्ग बळावतो. आजही डॉक्टर ते थोड्या मात्रेत, थोडे दिवस देतात, आणि तसे देणे योग्यच आहे.

हे सांगण्याचे कारण असे की, बाजारात व जत्रेत 'वाताची पुडी' म्हणून मिळणाऱ्या काही औषधांत हेच स्टेरॉइड लपवून मिसळलेले आढळले आहे. दोन दिवसांत चमत्कार दिसतो आणि माणूस वर्षानुवर्षे पुडी घेत राहतो. आत हाड पोखरणे मात्र चालूच असते. पुडी फार दिवस घेतली असल्यास ती स्वतःच्या मनाने एकाएकी बंदही करू नये. त्यातून जिवावर बेतू शकते. ती डॉक्टरांना दाखवावी व त्यांच्या सल्ल्याने हळूहळू सोडावी.

आमवातावरचे आजचे मुख्य औषध मेथोट्रेक्सेट हे आहे. ते ज्या प्रयोगशाळेत तयार झाले तेथील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरमचे सुपुत्र डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. आरंभी ही औषधे मुलांच्या रक्ताच्या कर्करोगासाठी वापरली गेली. १९५१ साली त्याच कुळातले एक औषध आमवातावर गुणकारी असल्याचे दिसले, आणि १९८० नंतरच्या दशकात चाचण्या होऊन १९८८ साली अमेरिकेत मेथोट्रेक्सेटला या रोगासाठी मान्यता मिळाली. ते दुखणे मारत नाही, उलटलेल्या राखणदाराला आवरते. म्हणून त्याचा गुण येण्यास सहा ते बारा आठवडे लागतात. पुष्कळ रोगी 'गुण नाही' म्हणून ते दोन आठवड्यांत सोडून देतात, हे चुकीचे आहे.

येथे एक इशारा ठळकपणे द्यावासा वाटतो. आमवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकच दिवस घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यामुळे माणसे दगावली आहेत. घरातील कोणीतरी वार ठरवून, कॅलेंडरवर खूण करून ते द्यावे. डॉक्टर सोबत फॉलिक ॲसिड देतात तेही न चुकता घ्यावे. रक्ताची व यकृताची तपासणी वेळोवेळी करावी आणि दारू वर्ज्य करावी. गर्भाला हे औषध अपायकारक आहे. म्हणून मूल होण्याचा विचार असल्यास आधीच डॉक्टरांना सांगावे.

महागडी सुई आणि स्वस्त गोळ्या

१९९२ साली लंडनमध्ये मार्क फेल्डमन व रवींदर मैनी यांनी टीएनएफ नावाच्या दाहकारक द्रव्याला अडवणारे इंजेक्शन आमवाताच्या रोग्यांना प्रथम दिले. त्यातून औषधांचा एक नवाच वर्ग निघाला. ज्यांना गोळ्यांनी उतार पडत नाही अशा अनेकांना त्याने पुन्हा उभे केले. मात्र अंगात दबून राहिलेला क्षय या औषधाने जागा होऊ शकतो. आपल्या देशात क्षय पुष्कळ, म्हणून सुईआधी त्याची तपासणी झालीच पाहिजे.

'एवढी महाग सुई आम्हांला कुठून परवडणार?' असे म्हणून निराश होणाऱ्यांसाठी २०१३ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी महत्त्वाची आहे. मेथोट्रेक्सेटने पुरेसा गुण न आलेल्या ३५३ रोग्यांचे अमेरिका व कॅनडा येथे दोन गट केले. एका गटाला मेथोट्रेक्सेटसोबत महागडी सुई दिली. दुसऱ्याला मेथोट्रेक्सेट, सल्फासॅलाझिन व हायड्रॉक्सिक्लोरोक्विन अशा तीन स्वस्त गोळ्या दिल्या. ज्यांना गुण येईना त्यांना मध्येच दुसऱ्या गटाचे औषध मिळे. ४८ आठवड्यांनंतर तीन गोळ्यांपासून आरंभ केलेला गट सुईच्या गटापेक्षा मागे पडलेला नव्हता. तेव्हा बहुतेक रोग्यांच्या बाबतीत पैशापेक्षा वेळ गमावणे अधिक घातक ठरते.

२०२४ साली आणखी एक पाऊल पुढे पडले. इंग्लंड व हॉलंडमधील २१३ जणांच्या रक्तात प्रतिद्रव्ये होती, सांधे दुखत होते, पण आमवात अजून उमटलेला नव्हता. त्यांपैकी काहींना एक वर्ष अबाटासेप्ट हे औषध टोचले, काहींना नुसतेच निरुपद्रवी पाणी. वर्षअखेर औषधाच्या गटात शंभरातील सहा जणांना आमवात झाला, दुसऱ्या गटात एकोणतीस जणांना. औषध थांबवल्यावर हा फरक कमी होत गेला. दोन वर्षांअखेर आकडे पंचवीस व सदतीस असे होते. म्हणजे रोग पुढे ढकलता येतो, पण मुळासकट उपटता आलेला नाही. जर्मनीतील एर्लांगन येथे गेऑर्ग शेट व सहकाऱ्यांनी ल्युपसच्या रोग्यांच्याच पेशी बाहेर काढून, त्यांत बदल करून परत सोडल्या. २०२२ साली त्यांनी अशा पाच रोग्यांत रोग शमल्याचे प्रसिद्ध केले. आशा मोठी आहे, परंतु हा उपचार अद्याप नेहमीच्या वापरातला नाही.

आपण काय करावे?

१. हाताचे किंवा पायाचे सांधे सुजले आणि सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून अधिक राहू लागला, तर हंगाम संपण्याची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. युरोपातील सांधेरोगतज्ज्ञांचा दंडक असा की, सहा आठवड्यांच्या आत तज्ज्ञाने रोग्याला पाहावे आणि दीर्घकाळ टिकू शकणाऱ्या रोगात तीन महिन्यांच्या आत मूळ औषध सुरू व्हावे. जवळ तज्ज्ञ नसल्यास वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात जावे.

२. आर. ए. फॅक्टर व अँटी-सीसीपी या रक्ततपासण्या उपयोगी आहेत. पण त्यांवरच निकाल लावू नये. रोग असूनही त्या कोऱ्या येऊ शकतात, आणि आर. ए. फॅक्टर निरोगी वृद्धांतही आढळतो.

३. विडीसिगारेट सोडावी. दातांची व हिरड्यांची निगा राखावी. खाणीत काम करणाऱ्यांनी धुळीपासून नाकतोंड जपावे.

४. वांगे, दही, आंबट वर्ज्य करण्याने हा रोग बरा होतो असे सिद्ध झालेले नाही. साधा, चौरस आहार घ्यावा.

५. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बोटे हलवावीत. विळ्याची, खुरप्याची मूठ कापड गुंडाळून जाड करावी. घागर बोटांवर न पेलता दोन्ही हातांनी अंगाशी धरावी. सूज उतरली की हलका व्यायाम रोज करावा. अंथरुणावर पडून राहिल्याने सांधे अधिकच आखडतात.

६. बरे वाटू लागले म्हणून औषध आपल्या मनाने बंद करू नये.

आपल्या घरातील बाईमाणसे दुखणे अंगावर काढतात. कापणी होऊ दे, पाहुणे जाऊ देत, मग बघू, असे म्हणत सहा महिने निघून जातात, आणि नेमके तेच सहा महिने मोलाचे असतात. तेव्हा सकाळी चुलीपाशी बसलेल्या आईची किंवा सुनेची मूठ नीट वळते की नाही, याकडे घरच्या पुरुषांनी लक्ष द्यावे. वळत नसेल तर त्याच आठवड्यात तिला डॉक्टरांकडे घेऊन जावे.