मूत्रपिंडाचा विकार आणि धमन्यांचा दाह

वैनगंगेच्या एका तीरावर चंद्रपूर जिल्ह्यातील सावली तालुका आणि दुसऱ्या तीरावर गडचिरोली, हा धानाचा व जंगलाचा मुलूख मलेरिया, कुपोषण आणि सिकलसेलसाठी ओळखला जात असला, तरी गडचिरोलीतील ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांत केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मृत्यूचे सर्वांत मोठे कारण लकवा हे निघाले; शंभरांतील सुमारे १४ मृत्यू त्याने झाले होते. लकवा मेंदूत प्रकट होतो, पण त्याची सुरुवात रक्तवाहिन्यांत होते, आणि त्या बिघडवणाऱ्या कारणांमध्ये रक्तदाब व तंबाखू यांच्याइतकीच दखल मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराची घ्यायला हवी, जी अजून घेतली जात नाही.

धमनीच्या आतल्या बाजूला पेशींचा एकपदरी अंतःस्तर असतो, जो नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार करून वाहिनी सैल ठेवतो आणि रक्तातील पांढऱ्या पेशींना भिंतीला चिकटू देत नाही. मूत्रपिंडे मंदावली की आतड्यातील जिवाणूंनी प्रथिने फोडल्यानंतर तयार होणारी इंडॉक्सिल सल्फेटसारखी द्रव्ये लघवीवाटे पुरेशी बाहेर न पडता रक्तात साचतात आणि हाच अंतःस्तर दुखावतात. त्याच वेळी ट्रायग्लिसराइड ही चरबी फोडणारे विकर दुबळे पडते, आणि लघवीतून प्रथिने फार वाहून जात असतील तर यकृत कोलेस्टेरॉलवाहक कण अधिक बनवू लागते. म्हणून अंगाने सडपातळ, दिवसभर धानाच्या बांधीत राबणाऱ्या माणसाला चरबीचा विकार होणार नाही, हा समज धोक्याचा आहे.

दुखावलेल्या अंतःस्तरातून एलडीएल कोलेस्टेरॉलचे कण भिंतीत शिरतात, तेथे त्यांचे ऑक्सिडीकरण होते, आणि ते गिळण्यासाठी आलेल्या भक्षक पेशी चरबीने फुगून तेथेच अडकतात; हीच धमनीकाठिण्याची सुरुवात. कोलेस्टेरॉलचे स्फटिक आणि साचलेली विषद्रव्ये या पेशींतील ‘इन्फ्लमासोम’ नावाचे प्रथिनसंकुल जागे करतात. त्यातून कॅस्पेज-१ हे विकर सक्रिय होऊन इंटरल्युकिन-१ बीटा हा दाह पसरवणारा संदेश बाहेर पडतो, पुष्कळदा पेशीच फुटते आणि तिच्या अवशेषांनी आणखी पेशी ओढल्या जातात. हा दाह केवळ सोबतीला असलेली घटना नाही, हे २०१७ च्या एका मोठ्या चाचणीत दिसले. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांत इंटरल्युकिन-१ बीटा अडवणाऱ्या औषधाने एलडीएल कमी न होताही पुढील झटके घटले. मात्र जीवघेणे संसर्गही वाढल्यामुळे तो उपाय नेहमीच्या वापरात आला नाही.

चरबी कमी करणाऱ्या औषधांचा अनुभव अधिक आशादायक आहे. मूत्रपिंडविकाराच्या ९ हजारांहून अधिक रुग्णांवरील २०११ च्या चाचणीत स्टॅटिन व एझेटिमाइब यांच्या जोडीने धमनीकाठिण्याचे मोठे आघात १७ टक्क्यांनी कमी झाले. परंतु डायलिसिस सुरू झाल्यानंतर स्टॅटिन नव्याने देण्याचा लाभ फारसा आढळत नाही. निदान लवकर होणे एवढ्याचसाठी महत्त्वाचे ठरते, आणि निम्म्याच्या आसपास क्षमता जाईपर्यंत क्रिएटिनिन पुष्कळदा सामान्यच दिसत असल्याने लघवीतील अल्ब्युमिनची साधी तपासणी त्याआधी इशारा देऊ शकते. रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी ती वर्षातून एकदा करून घ्यावी, तंबाखूचा खर्रा सोडावा, आणि रोवणीच्या दिवसांत कंबर धरली म्हणून दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज घेऊ नयेत, कारण पाणी कमी पडलेल्या शरीरात त्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटवतात.