किती शिते चेपून पाहावीत?

शितावरून भाताची परीक्षा करण्याची रीत घरोघर आहे, आणि ती सहसा चुकत नाही. एकच पाणी, एकच आच आणि एकदा वरखाली हलवलेला भात. अशा पातेल्यातले एक शीत बाकीच्यांच्या वतीने साक्ष देऊ शकते. इंजेक्शनच्या कुप्यांचे तसे नाही. हजारो कुप्या भरताना एखादीचे बूच नीट बसले नाही आणि तेवढ्या फटीतून जंतू आत शिरले, तर शेजारच्या कुपीला त्याची वार्ताही नसते. शिवाय आतला द्रव काढून, पोषक द्रावणात चौदा दिवस ठेवल्यावाचून जंतू आहेत की नाहीत हे कळत नाही. आणि उघडलेली कुपी कोणाला टोचता येत नाही. सगळ्याच तपासल्या तर रुग्णाला द्यावयास काही उरणार नाही. थोड्याच तपासावयाच्या, हे ओघाने आले. पण थोड्या म्हणजे किती?

औषधांचे प्रमाणग्रंथ, म्हणजे फार्माकोपिया, 500 हून अधिक कुप्यांच्या बॅचमधून 2 टक्के किंवा 20, यांपैकी जी संख्या लहान असेल तितक्या कुप्या तपासावयास सांगतात. वीसपैकी वीस निर्दोष, हे ऐकावयास मोठे भारदस्त वाटते. आता समजा, त्या बॅचमध्ये शंभरात एक कुपी दूषित आहे. उचललेली पहिली कुपी स्वच्छ निघण्याचा संभव शंभरात 99, दुसरीचाही तितकाच, दोन्ही स्वच्छ निघण्याचा संभव म्हणजे या दोहोंचा गुणाकार. असा वीस वेळा गुणाकार केला की उत्तर येते सुमारे 82 टक्के. अशा सदोष शंभर बॅच तपासल्या तर त्यांतल्या 82 परीक्षेत सुखरूप उत्तीर्ण होतील. दहात एक कुपी दूषित असली, तरीही शंभरातल्या बारा निसटतील!

तेव्हा प्रश्न उलट बाजूने विचारावा लागतो. दोषाचे कोणते प्रमाण आपल्याला मुळीच चालणार नाही? आणि फसगत होण्याचा किती धोका पत्करावयाचा? ही दोन उत्तरे गणित देत नाही. ती जबाबदार माणसांनी आधी ठरवावयाची असतात. ती मिळाली की पुढचा हिशेब सोपा आहे. शंभरात एक दूषित असताना फसगत शंभरात पाच वेळांहून अधिक होऊ नये, असे ठरले, तर 299 कुप्या तपासाव्या लागतात आणि सर्व निर्दोष निघाव्या लागतात. हजारात एक म्हटले, की सुमारे 3000. दोषप्रमाणाने तीनला भागावे, हा त्यातला व्यवहारी आडाखा. बॅच मोठी म्हणून नमुना त्याच प्रमाणात मोठा हवा, ही समजूत मात्र खरी नव्हे. नमुना बॅचच्या मानाने लहान असला, तर बॅच दहा हजारांची की लाखाची याने फारसा फरक पडत नाही.

एक दोष निघाला तरी चालेल अशी सवलत हवी असेल, तर 299 च्या जागी पावणेपाचशेच्या आसपास कुप्या घ्याव्या लागतात. ही सवलत आधी मागावयाची असते. दोष सापडल्यावर ‘आणखी थोड्या पाहू’ म्हणत पुढे जाणे, ही नापास मुलाला तोच पेपर पुन्हा देण्याची युक्ती झाली.

3000 ही संख्या केवळ कागदावरची नाही. उष्णता न सोसणारी औषधे जेथे जंतुविरहित खोलीत भरतात, तेथे औषधाऐवजी जंतूंना पोषक द्रव भरून सबंध प्रक्रियेचीच परीक्षा घेतात. त्यासाठी किमान 3000 कुप्यांचा दंडक पडला तो याच हिशेबाने. पुढे मोठ्या कारखान्यांत 5000 ते 10000 कुप्या भरण्याचा प्रघात आला.

वाफेने निर्जंतुक होणाऱ्या औषधांकडून मात्र दहा लाखांत एकाहून अधिक दोष नको, अशी अपेक्षा असते. आडाख्याप्रमाणे तपासावयाच्या कुप्या तीस लाख! येथे मोजणी हात टेकते. मग जंतूंऐवजी उष्णता मोजतात. 121 अंश सेल्सिअसच्या वाफेत ठराविक मिनिटांत दहापैकी नऊ जंतू मरतात, पुढच्या तितक्याच मिनिटांत उरलेल्यांतले दहापैकी नऊ. हा क्रम माहीत असला की वाफ किती वेळ द्यावी ते ठरते. अट एवढीच, की भांड्यातल्या सर्वांत थंड जागीही ती पोचली पाहिजे.

हिशेबाला आणखी एक अट आहे: प्रत्येक कुपीला निवडले जाण्याची सारखी संधी हवी. इंग्लंडमधील प्लिमथ शहरी डेव्हनपोर्ट येथील रुग्णालयात 1972 साली डेक्स्ट्रोजच्या बाटल्यांतून जंतू शिरांत गेले आणि शस्त्रक्रिया झालेले रुग्ण दगावले. त्या बाटल्या 1971 साली वाफेच्या भांड्यातून निघाल्या होत्या. बुडाशी हवा कोंडून राहिल्यामुळे खालच्या बाटल्यांना वाफ लागलीच नव्हती. तपासणीच्या बाटल्या वरच्या भागातून घेतल्या होत्या. त्या निर्जंतुक ठरल्या. भांड्याच्या निचऱ्याच्या नळीवरील तापमापकाचा काटा चढला नव्हता. कामगारांनी तो तापमापकच बिघडला असावा असे धरले आणि दुसऱ्या तबकडीवर विसंबून काम पुढे चालू ठेवले.