राखण कोणी करायची? वन्यप्राणी, शेतकरी आणि गावाची भागीदारी

मंडळी, देवगाव फाट्यावर वन्यप्राण्यांवर बोलायला चाललोय म्हटल्यावर आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांनी विचारलं, "तिथं कुठलं आलंय जंगल?" त्यांचं चुकलं नाही. फाट्यावरून एक रस्ता सेलूला जातो, एक जिंतूरला, एक मंठ्याकडे. तिन्ही बाजूंना दिसतं ते शेत. सोयाबीन, कापूस, तूर, थंडीत हरभरा आणि ज्वारी. पण याच शेतात रात्री रोह्यांचा कळप उतरतो, हरणं येतात, रानडुकरं येतात. अधूनमधून बिबट्याच्या ठशाची बातमी येते आणि आखाड्यावर झोपणाऱ्या माणसाची झोप उडते. तेव्हा पहिली गोष्ट ही की हा प्रश्न फक्त जंगलालगतच्या गावांचा राहिलेला नाही.

याला नाव दिलंय 'मानव-वन्यजीव संघर्ष'. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे शब्द तपासून घ्यायची खोड काही जात नाही. संघर्ष म्हटला की दोन पक्ष आले, आणि दोघांनाही आपण भांडतोय हे ठाऊक असलं पाहिजे. रोह्याला तुमचा सातबारा कळतो का? त्याला कोवळा हरभरा कळतो. बिबट्याला गोठा आणि रान यातली हद्द कळत नाही, त्याला भक्ष्य कळतं. मग भांडण कोणाकोणाचं? नीट पाहिलं तर ते माणसामाणसांतलं आहे. शेतकरी आणि वनखातं. कुंपण घातलेला शेतकरी आणि न घातलेला शेजारी. प्राणी वाचवा म्हणणारं शहर आणि त्याची किंमत मोजणारं गाव. ही मांडणी मान्य केली तर उपायही माणसामाणसांतच शोधावा लागेल. आजच्या व्याख्यानात आम्हाला एवढंच सांगायचंय.

आता याचा पुरावा पाहू. पुणे जिल्ह्यातला जुन्नर तालुका. धरणं झाली, कालवे आले, ऊस वाढला. उसात दाट सावली, पाणी आणि आसरा. बिबट्याला आणखी काय पाहिजे? माद्या उसातच व्यायला लागल्या. तक्रारी वाढल्या तेव्हा 2001 पासून मोठ्या प्रमाणावर बिबटे पिंजऱ्यात धरून लांबच्या जंगलात सोडायला सुरुवात झाली. हेतू चांगलाच होता. पण विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर हिशोब मांडला तेव्हा वेगळंच दिसलं. 1993 ते 2001 या काळात जुन्नर भागात माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत होते. ही मोहीम सुरू झाल्यावर ती सरासरी 17 वर गेली. शिवाय जिथं बिबटे नेऊन सोडले, त्या भागातही हल्ले झाले.

असं का व्हावं? धरलेला बिबट्या परक्या मुलखात एकटा पडतो, बिथरतो, घराकडे परतायची धडपड करतो. इकडे त्याची जागा रिकामी झाली की तिथं नवखा बिबट्या येतो. त्याला गावाची सवय नसते, गावाला त्याची नसते. म्हणजे आपण प्रश्न उचलून दुसऱ्याच्या दारात ठेवला आणि आपल्या दारातलाही गेला नाही.

दुसरं उदाहरण अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याचं. तिथंही शेतं, वस्त्या आणि ऊस. चौरस किलोमीटरला 300 हून अधिक माणसं राहतात. तिथं रात्री कॅमेरे लावून अभ्यास झाला. 100 चौरस किलोमीटरमागे जवळपास 5 बिबटे निघाले, आणि तेवढेच तरस. एवढ्या दाटीत माणसांवरचे हल्ले मात्र विरळ होते. बिबट्याची विष्ठा तपासली तर त्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा होता, सुमारे 39 टक्के. शेळ्या कुत्र्यांच्या जवळपास सातपट असूनही त्यांचा वाटा 11 टक्क्यांच्या आसपास. कारण साधं आहे. शेळीला राखणारा माणूस असतो, रात्री तिला कोंडलेलं असतं. कुत्रं उघड्यावर असतं. म्हणजे राखण हा काही अडाणी लोकांचा जुना रिवाज नाही. आकडेवारीत दिसणारा तो उपाय आहे.

त्याच डोंगराळ पट्ट्यातला एक सण आपल्याकडे फारसा माहीत नाही. आपण वसुबारसेला गाय-वासराची पूजा करतो. त्याच दिवशी तिकडचे महादेव कोळी, ठाकर हे आदिवासी बांधव वाघबारस करतात, वाघोबाची पूजा करतात. गुरांची राखण कर, आम्हाला त्रास देऊ नकोस, असं वाघालाच मागणं. आम्ही याला भाबडेपणा म्हणणार नाही. वाघ इथं राहणार आहे हे एकदा मान्य केलं की पुढचं वागणं ठरतं. गोठा नीट बांधायचा, अंधारात एकट्या पोराला पाठवायचं नाही. पूजेने बिबट्या थांबत नाही, पण माणूस सावध राहतो.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात ब्लॅकफूट नावाचं नदीचं खोरं आहे. तिथं मोठमोठी गुरांची कुरणं आहेत, आणि ग्रिझली अस्वलं नि लांडगे आहेत. 1993 मध्ये तिथल्या पशुपालकांनी आणि रहिवाशांनी मिळून 'ब्लॅकफूट चॅलेंज' नावाची संस्था काढली. सरकारी खात्यांना त्यांनी एकाच टेबलावर बसवलं. मेलेली जनावरं कुरणात पडू न देता गोळा करून नेऊ लागले, कारण त्या वासावर अस्वल येतं. वासरं आणि मधाच्या पेट्या यांच्याभोवती विजेची कुंपणं घातली. कळपावर लक्ष ठेवायला घोड्यावरचे राखणदार नेमले. आपल्याकडच्या धनगरांना यात नवं काय वाटेल? मेंढ्यांभोवती वाघर लावून, कुत्री सोडून तेही रात्रभर हेच करतात. तिथं नवं होतं ते एवढंच की एकट्याचं काम सगळ्यांनी वाटून घेतलं.

आता देवगावकडे परत येऊ. इथं बिबट्यापेक्षा रोही आणि डुकरांचा त्रास मोठा. हाताशी आलेलं पीक एका रात्रीत तुडवलं जातं. दिवसभर राबलेला माणूस रात्री जागलीला जातो, थंडीत, सापाकिरड्यात. मग कंटाळून कोणीतरी कुंपणाच्या तारेत सरळ घरगुती वीज सोडतो. मंडळी, हे आम्हाला आज हात जोडून सांगायचंय. त्या तारेला डुक्कर आणि माणूस यातला फरक कळत नाही. पाणी द्यायला निघालेला शेजारी, स्वतःचं पोर, कधी तार लावणारा स्वतःच त्यात जातो. अशा बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. पिकासाठी माणूस गमावणं हा कुठला हिशोब?

सौर कुंपण ही वेगळी गोष्ट आहे. त्यातलं यंत्र क्षणभराचा झटका देतं, मग थांबतं, मग पुन्हा देतं. दाब मोठा असला तरी झटका इतका थोडा वेळ टिकतो की जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. घरगुती विजेची तार सलग धरून ठेवते, म्हणून जीव घेते. पण सौर कुंपणालाही एक अट आहे. एकट्याने घातलं तर कळप शेजाऱ्याच्या वावरात जातो. आणि तारेखालचं गवत कोणी काढलं नाही तर तेही निकामी होतं. म्हणून चार-सहा बांधांचं मिळून एक कुंपण, त्याची देखभाल पाळीपाळीने, आणि जनावरांना पाण्याकडे जायला एक वाट मोकळी. हे ठरवायला वनखातं लागत नाही. बांधाला बांध लागलेल्या माणसांनी एकत्र बसावं लागतं, आणि खरं अवघड काम तेच आहे.

भरपाईचंही तसंच. ती हक्काची आहे, घेतलीच पाहिजे. जनावर मेलं तर 48 तासांच्या आत वनखात्याला कळवावं, आणि पंचनामा होईपर्यंत ते जागेवरून हलवू नये. किती जणांना हे माहीत असतं? पण भरपाई नुकसान झाल्यावर येते. तिच्यात शेतकरी अर्जदार असतो, भागीदार नसतो. भागीदारी नुकसानीच्या आधी सुरू होते.

त्यासाठी नवी संस्था काढायची गरज नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. बऱ्याच ठिकाणी ती कागदावर असते. तिला एवढीच कामं द्या: कुठला कळप कुठल्या महिन्यात कुठून येतो याची वही ठेवणं, जागलीच्या पाळ्या लावणं, मेलेली जनावरं उघड्यावर पडू न देणं, वनरक्षकाला महिन्यातून एकदा बोलावून चहा पाजणं. शेवटचं काम हसण्यावारी नेऊ नका. संकटाच्या रात्री पहिल्यांदाच भेटलेली माणसं एकमेकांवर ओरडतात. आधी ओळख असलेली माणसं काम करतात.

हे सगळं केलं की प्रश्न मिटेल असं आम्ही म्हणणार नाही. जुन्नर-शिरूर भागात आजही बिबट्याच्या हल्ल्यात माणसं जातात, लेकरं जातात. ज्या आईचं लेकरू गेलं तिला सहजीवनाचे पाठ देण्याचा अधिकार आम्हाला नाही. माणसावर उठलेला प्राणी हटवावाच लागतो. पण जो उठलेला नाही, त्यालाही हटवायला निघालो तर काय होतं, हे 4 आणि 17 या दोन आकड्यांनी सांगितलंय.

प्राण्याला वेदना होते का, यावर तत्त्वज्ञांनी पुष्कळ लिहिलंय. त्याला जगू देण्याचा खर्च कोणी सोसायचा, यावर फार थोडं. आज तो खर्च इथल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या एकट्याच्या डोक्यावर आहे, आणि हा अन्याय आहे. तो सरकारने, शहराने आणि गावाने वाटून घ्यायला पाहिजे. सरकार आणि शहर यांच्याशी भांडायला वेळ लागेल. गावातली वाटणी मात्र या हरभऱ्याच्या हंगामापासून सुरू करता येईल. आज घरी जाताना प्रत्येकाने आपल्या बांधाच्या शेजाऱ्याला एवढंच विचारावं, "आज रात्री जागलीला कोण?"