पाण्यातली जुनी वाट

कल्याण हे मोठे जंक्शन आहे, हे लहान मूलही सांगेल. परंतु कल्याण हे बंदर होते असे म्हटले, की चांगली शिकलीसवरलेली माणसेसुद्धा आपल्याकडे संशयाने पाहू लागतात. वर्गात हा अनुभव मला दरवर्षी येतो. मग मी मुलांना ठाण्याच्या आसपासची गावे फळ्यावर लिहायला लावतो : घोडबंदर, नागला बंदर, रेतीबंदर. घोडबंदर रोडवरून रोज बसने येणाऱ्या मुलांना त्या नावातले बंदर त्या दिवशी प्रथम दिसते! भाषेची ही मोठी गंमत आहे. वस्तू निघून जाते आणि शब्द मात्र तिची जागा अडवून बसतो.

आणि ही वस्तू काही लहानसहान नव्हती. इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात कल्याणचे नाव 'कल्लिएना' असे आले आहे. तिथे येणारी ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जातात, अशी तक्रारही त्यात आहे. म्हणजे कल्याणच्या वाहतुकीविषयीची तक्रार निदान एकोणीसशे वर्षांची जुनी ठरते! कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीच्या पाण्यात स्वराज्याच्या आरमाराची सुरुवात झाली. दुर्गाडीचा किल्ला आजही खाडीवर नजर ठेवून उभा आहे. फक्त खाली गलबत नाही.

गलबते गेली कुठे? १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली, हे आपण शाळेत पाठ केलेले असते. पुढच्याच वर्षी, १८५४ च्या मे महिन्यात, खाडीवर पूल घालून आणि पारसिकचा डोंगर फोडून ती कल्याणला पोहोचली. गाडीला ना भरतीची वाट पाहावी लागे, ना वाऱ्याची. हळूहळू माल रुळांवर गेला, नंतर लॉऱ्यांवर चढला. धक्के ओस पडले, गाळ साचला, रेती उपसून उपसून काठ खचले. शेवटी आपण शहराची सारी घाण जिच्यात सोडतो ती जागा म्हणजे खाडी, एवढीच तिची ओळख उरली.

आता हीच वाट पुन्हा मोकळी करायचे घाटते आहे. संसदेने २०१६ साली राष्ट्रीय जलमार्गांचा कायदा केला आणि देशातले एकूण १११ जलमार्ग ठरवून दिले. त्यांतला ५३ वा आपला : वसईची खाडी आणि उल्हास नदी यांवरून जाणारा, १४५ किलोमीटरांचा कल्याण-ठाणे-मुंबई मार्ग. डोंबिवली, कोलशेत, काल्हेर, मीरा-भाईंदर इथल्या धक्क्यांची नावे योजनेत आली. २०२४ च्या फेब्रुवारीत भाईंदर आणि वसई यांच्यामध्ये माणसे व मोटारी नेणारी रो-रो बोट सुरूही झाली. रस्त्याने जो वळसा तीस किलोमीटरांहून अधिक आहे, तो पाण्यावरून चार किलोमीटरांचाही नाही.

कुणी म्हणेल, मेलेली वाट का कधी जिवंत होते? होते. इंग्लंडात केनेट आणि एव्हन नावाचा कालवा आहे. लांबी सुमारे १४० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या मार्गाएवढीच. १८१० मध्ये तो पुरा झाला, आणि १८५२ मध्ये त्याच्याशी स्पर्धा करणाऱ्या रेल्वे कंपनीनेच तो ताब्यात घेतला. मग काय व्हायचे ते झाले. शंभर वर्षांत त्याचे दरवाजे कुजले आणि पाणी आटले. १९५६ साली तो कायमचा बंद करण्याच्या बेताविरुद्ध वीस हजारांच्या वर लोकांनी सह्या केल्या. पुढे वर्षानुवर्षे सामान्य गृहस्थ सुटीच्या दिवशी फावडी घेऊन गाळ उपसायला जात राहिले, आणि १९९० च्या ऑगस्टमध्ये राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते तो पुन्हा खुला झाला.

आपले काम एका दृष्टीने सोपे आहे, एका दृष्टीने अवघड. सोपे अशासाठी, की आपल्या वाटेत पाणी समुद्र स्वतः आणून भरतो. अवघडही त्याचसाठी, कारण तो ते परतही नेतो. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती साडेचार मीटरांपुढे जाते, आणि ओहोटीला काठावर नुसता चिखल दिसतो. तेव्हा बांधीव पायऱ्यांचा धक्का पुरत नाही. पाण्याबरोबर वरखाली होणारा तरंगता धक्का हवा. कोचीला २०२३ मध्ये जी 'वॉटर मेट्रो' सुरू झाली तिथे असेच धक्के आहेत. शिवाय गाळ एकदा काढून भागत नाही, तो दर पावसाळ्यानंतर पुन्हा येतो. जुन्या पुलांखालून जायचे तर बोटी बसक्या हव्यात. आणि धक्क्यावरून घरी न्यायला बस हवी, नाहीतर खाडीत वाचवलेला अर्धा तास रिक्षाच्या रांगेत जायचा.

मी डोंबिवलीहून ठाण्याला लोकलने जातो, म्हणून एक हिशेब प्रांजळपणे मांडतो. भरलेल्या लोकलमध्ये चार हजारांच्या आसपास माणसे असतात. कोचीच्या बोटीत शंभर. म्हणजे एका लोकलला चाळीस बोटी! तेव्हा बोट आली की लोकल रिकामी होईल, असे कुणी सांगू लागला तर त्यावर विश्वास ठेवू नका. पण ९ जून २०२५ ची सकाळ आठवा. मुंब्र्याजवळ लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी रुळांवर पडले आणि काहींचे प्राण गेले. जिथे ते पडले तिथून खाडी हाकेच्या अंतरावर आहे. घोडबंदर रोडकडे कामाला जाणाऱ्या डोंबिवलीकराला आधी ठाणे स्टेशन गाठावे लागते आणि तिथून उलट फिरावे लागते. खाडी मात्र मोठागावहून थेट कोलशेतकडे जाते. अशी काही हजार माणसे जरी पाण्याने गेली, तरी दारात लटकणाऱ्या कुणाला तरी आत पाऊल ठेवायला जागा होईल.

मात्र वाट मोकळी करताना खाडी कुणाची, हे विसरू नये. बोटी नव्हत्या तेव्हाही कोळी आणि आगरी बांधव इथे जाळी टाकतच होते. त्यांच्या जाळ्यांवरून बोट गेली किंवा धक्क्यासाठी तिवरांची कत्तल झाली, तर तो जीर्णोद्धार कसला? उलट मला आशा आहे ती निराळीच. रोज नाकाला रुमाल लावून बोटीत बसावे लागले, की हेच पांढरपेशे प्रवासी सांडपाण्याचा जाब विचारू लागतील. आज खाडी घाण आहे कारण तिच्याकडे आपले काही काम नाही.

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा एक सोपा आडाखा आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, अमावास्येला बाराच्या सुमारास. खाडीत आत आणखी थोडी उशिरा. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी फराळ उरकला, की मुलांना घेऊन दुर्गाडीखाली किंवा मोठागावच्या काठावर जा. पाणी तुडुंब भरलेले असेल. तिथे उभे राहून मुलांना एवढेच सांगा, की हा आपल्या गावाचा सगळ्यांत जुना रस्ता आहे. तो पुन्हा वाहता झाला पाहिजे, असे त्यांना वाटले म्हणजे निम्मे काम झाले.